फोनचं अंगडं-टोपडं

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा देवावर विश्वास असतो की नाही, हा वादाचा विषय आहे. पण कव्हरवर असतो याबद्दल वाद नाही. नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू लागतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिच्या अंगाचं माप घेतलं जातं. आमच्या लहानपणी घरात ट्रान्झिस्टर आला, तो चामड्याच्या अंगरख्यासकटच आला. आवाज बाहेर यावा म्हणून अंगरख्याला पुढे भोकं होती आणि मागे टिचबटणं. त्या ट्रान्झिस्टरचा मूळ रंग कोणता याबद्दल आमच्या घरात कैक वर्षं दोन मतं होती. वडील तांबडा म्हणत, आई चॉकलेटी म्हणे. अखेर तो बिघडला तेव्हा दुरुस्तीवाल्यानं त्याला जन्मात प्रथमच उघडा केला, आणि तो हिरवा निघाला.

पुढे टीव्ही आले ते लाकडी दारांच्या कपाटात बसूनच. बातम्या संपल्या की दारं ओढून घ्यायची आणि वर भरतकामाचा रुमाल टाकायचा. निवेदिकेला रात्री गार लागू नये अशी व्यवस्था. टेलिफोन क्रोशाच्या आसनावर बसे, आणि त्याच्या डायलच्या भोकात इवलंसं कुलूप लटके. सुटकेसला खाकी कापडाचा डगला. जून महिन्यात तर सगळं घर मांडी घालून वह्यापुस्तकांना खाकी कागद चढवत बसायचं. इतिहास, भूगोल आणि गणित बाहेरून अगदी एकसारखे दिसायचे. आम्हाला ते आतूनही एकसारखेच वाटत, तो भाग निराळा. थोडक्यात, आपल्याकडे वापरायचं ते कव्हर. मूळ वस्तू ही कव्हरला आतून आधार म्हणून ठेवलेली असते.

असा हा समाज मोबाईल फोनला उघडा हिंडू देईल, ही कल्पनाच करवत नाही. भारतात मोबाईलवरून पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीच्या सुखराम यांच्याशी बोलले. एक मुख्यमंत्री, दुसरे केंद्रीय मंत्री, परवडण्यासारखी माणसं. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे सामान्य माणूस फोन आला की घाबरून बंदच करून टाकी. बारामतीला तो प्रकार पोचायला आणखी काही वर्षं गेली. पोचला तेव्हा पहिली गोष्ट काय झाली असेल, तर कमरेच्या पट्ट्याला चामड्याची पाकिटं लटकू लागली. तालुक्यातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी तलवार लावल्यासारखी डाव्या कमरेवर हात ठेवून चालू लागली. नोकियाचा ५११० हा फोन १९९८ साली निघाला, त्याचं तर पुढचं तोंडच काढून दुसरं बसवता यायचं. सकाळी निळं तोंड, संध्याकाळी लाल. माणसांना जे फुकटात जमत होतं, त्याचे नोकियानं पैसे लावले.

आता हे झालं जुनं पुराण. हल्ली बारामतीत एसटी स्टँडकडून भिगवण चौकाच्या दिशेनं चालत निघालं की दर चार दुकानांमागे एक दुकान कव्हरांचं लागतं. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला कव्हर. लांबून पाहिलं तर फोटोंची गॅलरी वाटते. जवळ गेलं की एक पोरगा टेम्पर्ड ग्लासच्या खालचा हवेचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला रेटत असतो. ओळखीच्या अशाच एका पोराकडे मी आमच्या हिच्या फोनसाठी कव्हर आणायला गेलो होतो.

"जुन्या पद्धतीचं काहीतरी दाखव रे," मी म्हटलं.

"किती जुनं, काका? लय जुनं पायजे का? नव्वदचं हाय बघा."

मी स्टुलावर बसलो. माणसानं आपली पुरातत्त्व खात्यात झालेली बदली नेहमी बसूनच ऐकावी.

त्या भिंतीवर माझं सगळं तारुण्य शंभर ते अडीचशे रुपयांत टांगलेलं होतं. गब्बरसिंग होता. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ चा. २०२५ साली त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली, पण गब्बर आपला कव्हरावर अजून तंबाखूच मळतोय. शेजारी मोगॅम्बो, त्याच्या शेजारी शक्तिमान, त्याच्याखाली दूरदर्शनचं ते गोल गोल फिरणारं बोधचिन्ह, इथे न फिरता. बजाजची स्कूटर होती, किंचित कललेली असावी असं उगीच वाटलं. एका कव्हरावर चक्क डायलचा काळा टेलिफोन. म्हणजे मोबाईलच्या पाठीवर टेलिफोनचं चित्र! आजोबांचा फोटो गळ्यात घालून नातू हिंडतोय म्हणायचा. 'अशी ही बनवाबनवी'मधले धनंजय माने तर तीन वेगवेगळ्या रंगांत होते. चित्रपट १९८८ चा, हा पोरगा २००३ चा. पण त्यातलं वाक्य अर्धं टाकलं की उरलेलं अर्धं तो मागे न वळता पुरं करतो. आम्हाला शाळेत मोरोपंत पाठ करायला लावले होते. पंत खुद्द बारामतीचे, म्हणजे गावाची अब्रू पणाला. पण आमची आर्या पहिल्या चरणातच बसायची. पाठांतराचं रहस्य काही वेगळंच असलं पाहिजे.

मग एक कॅसेट दिसली. अगदी हुबेहूब; दोन दातेरी चक्रं, मधे पट्टी, आणि एका चक्रात खुपसलेली पिवळी पेन्सिल.

"ही कसली रे डिझाईन?" मी त्याला मुद्दामच विचारलं.

"ती होय? शिक्षण आणि संगीत," तो म्हणाला.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. फिलिप्सनं ही कॅसेट १९६३ साली काढली. आत तपकिरी फीत असते. ती मशीनमध्ये अडकून आतडी बाहेर यावीत तशी बाहेर येते. मग पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची, मधे पीळ पडला तर गाणाऱ्याला सर्दी होते. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग पुढचं गाणं लावायला काय करायचं?" म्हटलं, "वाट बघायची." त्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी सज्जनगडावरच्या वस्तूंकडे पाहतो.

जुनाट चित्रांनंतर दुसरी भिंत विनोदाची. ही मात्र खास आपल्या मातीतली आहे. ट्रकच्या, टेम्पोच्या आणि उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर जे वाङ्मय गेली पन्नास वर्षं फुलत होतं, तेच आता आक्रसून सहा इंचांत आलंय. मुंबई-पुण्याकडच्या कव्हरांवर इंग्रजी विनोद असतात. वाचणारा हसतो का, हे बघायला छापणारा थांबत नाही. आमच्याकडे तसं चालत नाही. एका कव्हरावर लिहिलं होतं, 'ऊस गेलाय, बिल आलं की बोलू'. ह्यात विनोद कुठे आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पण बारामती-इंदापूर पट्ट्यात हे कव्हर टेबलावर पालथं ठेवलं की उधारी मागायला आलेला माणूस चहा पिऊन परत जातो. दुसऱ्यावर 'उचलला नाही म्हणजे मोटर चालू करायला गेलोय'. हेही खरंच, कारण शेतीची वीज रात्री दोनला येते आणि माणूस फोनच्या उजेडात बांधावरून जातो. एका कव्हरावर नुसतंच 'बोला'. ते मला सगळ्यात आवडलं.

कव्हरातली खरी गंमत मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या उमगली. ज्याच्या फोनला कव्हर असतं, त्याला ते कधी दिसतच नाही! तो आपला पुढच्या काचेत डोकं घालून बसलेला. मागचा गब्बर बघायचा तो समोरच्यानं. फोन कानाला लावला तरी तेच. म्हणजे माणूस स्वतःच्या पैशानं आणतो आणि दुसऱ्याला दाखवतो. ट्रकवाल्यानं तरी दुसरं काय केलं? समोरच्यानं बघावं, हसावं, आणि जमलं तर विचारावं, 'कुठनं घेतलं?' एवढ्यासाठीच सारा खटाटोप. पूर्वी एसटीत शेजारी बसलेला माणूस 'कुठलं गाव?' असं आपणहून विचारायचा. आता विचारत नाही, म्हणून पाठीवर चित्रं लावायची पाळी आली असावी.

वारीत मात्र हे सगळं बाद होतं. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते तेव्हा कव्हर एकच. पाऊस लागू नये म्हणून घातलेली प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला झिप आणि गळ्यात दोरी. बेलवाडीच्या रिंगणात तुळशीमाळेबरोबर ती पिशवीही उड्या मारते. कुणी पिशवीत फोनमागे विठोबाचं चित्र सरकवलेलं असतं. ते काही जुन्या फॅशनमध्ये धरता येत नाही, कारण ती फॅशन मधे कधी बंदच पडली नाही.

तर ह्या दुकानाची हकिगत मी घरी सांगत होतो, तेव्हा आमचे थोरले मेहुणे आलेले होते. आप्पा. वय बहात्तर. गाव पळसदेव, तालुका इंदापूर. त्यांच्या फोनला पारदर्शक कव्हर होतं. म्हणजे घेताना पारदर्शक होतं, आता उन्हानं आणि तळहाताच्या घामानं त्याचा रंग जुन्या पंचांगासारखा झाला होता. त्यात मागे आधार कार्ड, कारण एसटीत अर्धं तिकीट मागताना कंडक्टरला तेच दाखवावं लागतं. आधार कार्डामागे वीस रुपयांची नोट, आणि नोटेमागे खतांच्या दुकानाचं कार्ड. कव्हर नव्हतंच ते, लॉकर होता.

सगळं ऐकून आप्पा म्हणाले, "दाजी, त्यो पोरगा आपण दिऊ त्यो फोटू छापतो का?"

"छापतो की. कुणाचा छापायचाय? वहिनींचा?"

"छ्या! ती रोजच समोर असती. गावाचा."

"मग पळसदेवला जाऊन काढून आणू की एक फोटो."

"त्या नव्या गावाचा न्हाई. जुन्या."

इथे थोडा खुलासा करायला हवा. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आणि इंदापूरच्या मधे जे पळसदेव लागतं ते नवं गाव. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि आसपासच्या कितीतरी गावांबरोबर तेही पाण्याखाली गेलं. पळसनाथाचं जुनं देऊळ तेवढं उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की वर येतं. उजनीचं गणितही आमच्या तालुक्यांसारखंच वाकडं आहे. एकूण साठा ११७ टीएमसी, पैकी ६३ टीएमसी मृतसाठा. त्यामुळे धरण शून्य टक्के झालं तरी पोटात समुद्र असतोच, आणि तिथून खाली गेलं की वर्तमानपत्रं उणे टक्के मोजायला लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या जवळ गेलं, तेव्हा देऊळ पायथ्यापासून उघडं पडलं. पुण्याहून माणसं मोटारी करून बघायला आली. एरवी हीच मंडळी भिगवणच्या बाजूला मोठमोठे कॅमेरे घेऊन रोहित पक्षी बघायला येतात. आप्पांचं मत असं की ती पाखरं पाण्यात उभी नसतात. कुणाच्या ना कुणाच्या परड्यात उभी असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं.

आप्पांच्या नातवानं २०२४ साली काढलेला देवळाचा रंगीत फोटो होता. आप्पांना तो नको. "ही देऊळ न्हवं," ते म्हणाले, "देवळाची हाडं हायती. माणूस कुठाय ह्यात एक तरी?"

माणसं असलेला फोटो सबंध भावकीत एकच निघाला. १९७४ साली त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात इंदापूरहून बोलावलेल्या फोटोग्राफरनं काढलेला. उभा फोटो. खाली फेटेवाले बसलेले, मागे बायका उभ्या, मधे नवरानवरी कुणीतरी रागावल्यासारखे. आप्पा एकवीस वर्षांचे, मिशी नुकतीच फुटलेली. पुढच्या ओळीच्या टोकाला एक धुरकट, हललेली आकृती आहे, ती आमची ही. वय वर्षं अकरा. उजव्या वरच्या कोपऱ्यात देवळाचं शिखर. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांहून उंच दिसावं म्हणून बैलगाडीवर चढून उभे राहिलेले आप्पांचे चुलते.

ह्या चुलत्यांबद्दल एवढंच सांगतो की त्यांच्यात आणि आप्पांच्या वडिलांत एका बांधावरून वाद होता. दावा इंदापूरच्या कोर्टात होता. निकालाआधी पाणी आलं. बांध कैक पुरुष पाण्याखाली गेला, दोन्ही घरं उठून वर आली, पण बोलणं तिथेच राहिलं. चुलते गेले, आप्पांचे वडीलही गेले. त्यांची पोरं मात्र पन्नास वर्षं एकमेकांना लग्नपत्रिका पाठवतात आणि लग्नाला जात नाहीत.

तो फोटो घेऊन आम्ही दोघे बारामतीला दुकानात गेलो. पोरानं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला, संगणकावर चढवला, आप्पांच्या फोनच्या मॉडेलचा साचा त्यावर ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, ह्ये गाडीवरचे जात्यात बघा."

"कुठं जात्यात?"

"कॅमेऱ्यात."

हल्लीच्या फोनना मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात तीन-चार डोळ्यांचा कॅमेरा असतो. तिथे कव्हरला चौकोनी खिडकी ठेवावी लागते. ती खिडकी नेमकी चुलत्यांवर येत होती. बैलगाडीची चाकं राहत होती, वरचा इसम साफ.

मला वाटलं, आप्पांना आतून बरं वाटेल. पण त्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं, दाजी. लोक म्हणतील, मेल्यावर काटा काढला."

"मग चित्र उलटं करतो," पोरगा म्हणाला. त्याच्या धंद्यात उलटं करणं हा रोजचाच भाग. ही छपाई सरळ कव्हरावर होत नाही. खास शाईनं आधी कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापतात, मग तो कागद कव्हरावर लावून १८० ते २०० अंशांच्या तापमानात दाबतात. शाई वितळत नाही. तिची थेट वाफ होते आणि कव्हराच्या लेपात शिरते. शाळेत कापूर आणि डांबराच्या गोळ्यांच्या धड्यात ह्याला संप्लवन म्हणत. संप्लव म्हणजे संस्कृतात पूर, जलप्रलय. पळसदेवचा फोटो छापायला ह्याहून योग्य रीत सापडली नसती, पण हे मी दुकानात बोललो नाही. कधी कागदावरचं उलटं करायचंच राहून जातं आणि गिऱ्हाइकाच्या कव्हरावर 'आई' आरशात बघून वाचावी लागते.

पोरानं चित्र फिरवलं. चुलते उजवीकडे सुखरूप गेले. पण देऊळ डावीकडे आलं आणि शिखर कॅमेऱ्याच्या खिडकीत गेलं. शिवाय सगळ्या बायकांचे पदर भलत्या खांद्यावर गेले आणि आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे नदी देवळाच्या चुकीच्या अंगाला वाहायला लागली.

"म्हंजे एक तर चुलता जातो, न्हाईतर देव जातो," आप्पा म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसून माणसं विचारी होतात.

फोटो लहान करून खाली सरकवला, तर माणसं तिळाएवढी झाली. आप्पांनी विचारलं, "ह्ये गाव हाय का वारूळ?" मग पोरगा उत्साहानं म्हणाला, "थांबा आजोबा, एआय लावतो. ह्यांना गाडीवरनं खालीच उतरवतो." पाच मिनिटांत त्यानं उतरवलं. चुलते फेटेवाल्यांच्या ओळीत येऊन बसले. फेटा गुलाबी झाला होता, हाताला सहा बोटं होती आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू होतं. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे आमचे न्हवंत," ते म्हणाले. "आमचे कुणाचं ऐकून खाली उतरणारे न्हवते."

तोडगा शेवटी आप्पांनीच काढला. भिंतीवरची कव्हरं ते मघापासून निरखत होते. "ह्या धनंजय मान्याच्या कव्हराला भोक मधी कसं?"

"त्या फोनचा कॅमेरा मधीच असतो, आजोबा. गोल."

फोटोत वरच्या बाजूला, अगदी मधोमध, चुलते आणि देव यांच्यामधे नुसतं आभाळ होतं.

ज्या माणसानं त्या दुकानात अडीचशेच्या कव्हराचे दोनशे करून घेतले, त्यानंच समोरच्या गल्लीत जाऊन साडेसहा हजार रुपये मोजून मधे भोक असलेला जुना फोन घेतला. कारण काय, तर कव्हर बसावं. मी इतकी वर्षं मध्यमवर्गात काढली, पण आमच्या धर्माचं इतकं शुद्ध आचरण मी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर आमच्या हिनं कव्हर हातात घेतलं, हललेल्या आकृतीवर बोट ठेवलं आणि "मला सरळ उभं राहायला सांगितलं का नाही कुणी?" एवढं म्हणून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आप्पांचं पुढे काय झालं, तर इंदापूर-बारामती गाडीत ते आता खिडकीची जागा घेत नाहीत. समोर माणूस येईल अशी बघून बसतात, आणि फोन आला नसला तरी कानाला लावतात. अंथुर्ण्याला चढलेला माणूस बारामतीपर्यंत कुणाचं घर कुठे होतं ते पाठ करून उतरतो.

दुकानदार पोरगा हुशार. त्यानं आणखी एक प्रत छापून भिंतीवर लावून ठेवली. गब्बर आणि कॅसेट यांच्या मधल्या खिळ्याला. पळसदेवची, शेजारच्या बुडालेल्या गावांची माणसं काही ना काही कामाला बारामतीत येतातच. दोघातिघांनी आपापले फोटो आणून दिले असं तो सांगत होता. बहुतेक लग्नांचेच. गाव कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. नवरानवरीच्या मागे राहून गेलं तेवढंच.

गेल्या महिन्यात एका रविवारी आप्पा आमच्याकडे होते. आम्ही चहा घेत होतो. त्यांचा फोन वाजला. आप्पांच्या फोनमधला पलीकडचा आवाज आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू येतो, त्यामुळे चोरून ऐकण्याचा प्रश्न नव्हता.

"कोण?" आप्पांनी विचारलं.

"मी बोलतोय. गब्बरच्या शेजारी आमचं वडील काय करत्यात?"

चुलतभाऊ! आप्पा उभेच राहिले. त्यांच्या कानाशी कव्हर आमच्याकडे तोंड करून होतं; मधे कॅमेऱ्याचा गोल डोळा, एका बाजूला शिखर, दुसऱ्या बाजूला बैलगाडीवर छाती काढून उभे असलेले चुलते.

"टांगलंय त्यांनी," आप्पा म्हणाले. "तू... तुला पायजे तर सांगतो त्या पोराला."

"घेतलं की मी. कालच घेतलं."

"पर तुझ्या फोनला..."

"आमचा कॅमेरा कोपऱ्यातच हाय. मी म्हणलं फिरव उलटा. वडील ऱ्हाऊ दे, देवाचं काय, त्यो बाहेर हायच."

मग बरंच बोलणं झालं. फेट्यातला तिसरा कोण, नवरीच्या मागची आत्या कधी गेली, गाडीचे बैल कुणाचे होते. आप्पा बोलता बोलता खाली बसले. दहा मिनिटं सगळं गोडीत चाललं होतं. अकराव्या मिनिटाला आप्पा म्हणाले, "आरं, गाडीच्या मागं त्यो लिंब दिसतोय बघ. त्याच्याच बुडातनं बांध निघायचा. देवळाच्या डाव्या हाताला."

"डाव्या न्हाई, उजव्या!"

"डाव्या! माझ्या फोनवर हाय की!"

"आन माझ्या फोनवर काय दुसरं गाव हाय व्हय? उजव्या हाताला लिंब दिसतोय, धडधडीत!"

आमच्या हिनं आप्पांचा चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला ठेवला.